मम्बल: मल्टीकॅम लाइव्हसाठी फुकटचा इंटरकॉम, नीट बसवलात तर उत्तम चालतो

छोट्या लाइव्ह टीमकडे आजकाल कॅमेरे चांगले असतात, स्विचर (कुठला कॅमेरा दाखवायचा ते निवडायचं यंत्र) चांगला असतो, जिब (कॅमेरा लावायची लांब दांडी) असते, ड्रोन असतो, फक्त एकमेकांशी बोलायची धड सोय नसते. स्विचरवर बसलेला माणूस लांबून हात हलवतोय, नाहीतर वॉकीवर तिघं एकदम बोलतायत आणि कुणाचंच कळत नाहीये, नाहीतर व्हॉट्सअॅपवर ग्रुप कॉल लावलाय. ग्रुप कॉल सगळ्यात वाईट, कारण गर्दी वाढली की मोबाइलचं नेटवर्क बसतं आणि गर्दी वाढते तेव्हाच तर खरा शॉट असतो. विसर्जन मिरवणूक असो, जत्रेतली कबड्डी असो, हे सगळीकडे सारखंच.

यावर आमची टीम बरेच दिवस मम्बल वापरतेय आणि आता एवढं वापरून झालंय की छातीठोक सांगता येईल काय चालतं आणि काय नाही, म्हणून हा रिव्ह्यू. मम्बल हे २००५ पासूनचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, मुळात गेम खेळणाऱ्यांनी खेळता खेळता एकमेकांशी बोलावं म्हणून बनलेलं. एक सर्व्हर, बाकी सगळे क्लायंट. आवाज ओपस कोडेकमधून (आवाज आकसून पाठवायची पद्धत) जातो, एन्क्रिप्ट होऊन जातो, आणि मुख्य म्हणजे सर्व्हर तुमच्याच राउटरला जोडलेला असतो त्यामुळे इंटरनेट लागतच नाही. मोबाइलचा टॉवर गेला तर जाऊ दे, इंटरकॉम चालू राहतो. माझ्या दृष्टीने निम्मे मार्क इथेच.

पण तुलना कशाशी करायची ते आधी ठरवू, नाहीतर फुकट आहे म्हणून चांगलं असं होतं. ओबी व्हॅनमध्ये (बाहेरच्या प्रक्षेपणाची गाडी) किंवा मोठ्या स्टेज शोला जो जुना पार्टीलाइन इंटरकॉम असतो, क्लिअरकॉम वगैरे, त्यात बेस स्टेशन, तीन पिनची एक्सएलआर केबल, त्याच केबलवरून बेल्टपॅकला ३० व्होल्टच्या आसपास डीसी आणि त्याच केबलवरून आवाज. कमरेला बेल्टपॅक, टॉकचं बटण, आवाजाचा नॉब, कॉल लाइट. लावलं की चालू, त्यात शिकण्यासारखं काही नाही. सगळे एकदम बोलू शकतात, ऐकू शकतात. आवाजाला उशीर म्हणून होत नाही. हे आपलं माप. आता मम्बल त्याच्या किती जवळ जातं बघू.

सर्व्हर बसवणं हा या सगळ्यातला सोपा भाग. रास्पबेरी पाय ४ (लिनक्सवर चालणारा छोटा संगणक) घ्या, एपीटी कमांडने मम्बल-सर्व्हर इन्स्टॉल करा, मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर कमांड चालवा, ती तीन गोष्टी विचारतो: मशीन सुरू झालं की आपोआप सुरू व्हायचं का, प्रोसेसला जास्त प्रायॉरिटी द्यायची का, आणि सुपरयुजरचा पासवर्ड काय. दोन्हीला हो म्हणा, पासवर्ड लिहून ठेवा. पायला कायमचा आयपी द्या. पोर्ट ६४७३८, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. (जुन्या कमोडोर ६४ वर मशीन रीसेट करायला हाच आकडा टाइप करायचे, त्यामुळे एकदा कळला की विसरत नाही.) पायला त्याचा मूळ पॉवर सप्लायच द्या आणि यूपीएसवर ठेवा, लाइट गेली आणि पाय झटक्यात बंद पडला की एसडी कार्ड खराब व्हायची भीती असते.

बँडविड्थची काळजी बऱ्याच जणांना वाटते, ती करू नका. आवाज ४० किलोबिटवर ठेवला आणि दर पॅकेटमध्ये १० मिलिसेकंदाचा आवाज घेतला तर सेकंदाला १०० पॅकेट जातात, प्रत्येकाच्या हेडरचं वजन धरून वरचे साधारण ३२ किलोबिट, म्हणजे बोलणारा एक माणूस ७२ किलोबिट. एका कॅमेऱ्याच्या पूर्ण दर्जाच्या एनडीआय फीडला (नेटवर्कवरून जाणारा व्हिडिओ) शंभर मेगाबिटच्या वर लागतात, त्यापुढे हे काहीच नाही. पॅकेट २० मिलिसेकंदाचं केलं तर हेडरचं वजन निम्मं होतं आणि उशीर थोडासा वाढतो. तारेवर १० ठेवा, वायफायवर २०, कारण वायफायला डेटा किती यापेक्षा पॅकेट किती याचा त्रास जास्त.

आणि आता वायफाय. मम्बल तुटतं, अडखळतं, रोबोटसारखं बोलतं अशी तक्रार ज्यांची असते त्यांची ती बहुतेक वेळा मम्बलची नसतेच, वायफायची असते. दुपारी रिकाम्या मैदानावर टेस्ट केली की सगळं मस्त. संध्याकाळी हजार माणसं येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन, कित्येकांचे हॉटस्पॉट चालू, २.४ गिगाहर्ट्झचं पार वाटोळं झालेलं असतं. ५ गिगाहर्ट्झवर जागा मिळते पण त्याला भिंत सोसत नाही आणि माणसांची गर्दीही सोसत नाही, अंगात पाणी असतं ते सिग्नल पितं. म्हणून अॅक्सेस पॉइंट माणसांच्या डोक्याच्या वर हवा, लाइट स्टँडवर किंवा ट्रसला बांधलेला, टेबलाखाली ठेवलेला नको. इंटरकॉमचं वायफाय नाव वेगळं, पासवर्ड वेगळा, आणि तो पासवर्ड आयोजकांपैकी कुणालाही द्यायचा नाही, कितीही गोड बोलून मागितला तरी. एनडीआय वापरत असाल तर त्याचं नेटवर्क स्विच किंवा व्हीएलएएन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) वेगळं ठेवा, मल्टिकास्टचा (एकदम अनेकांना जाणाऱ्या डेटाचा) लोंढा वायफायवर आला की पहिला जीव इंटरकॉमचा जातो.

खरा उपाय मात्र तार. कॅमेऱ्यापर्यंत एसडीआय (व्हिडिओची केबल) तर ओढतोच ना आपण, मग त्याच्याच बरोबर एक कॅट सिक्स नेटवर्क केबल टेप मारून ओढायची. इथरनेटला १०० मीटरची मर्यादा आहे, त्यापुढे मध्ये एक छोटं स्विच. आणि कॅमेऱ्याजवळ फोनला यूएसबी-सीचं इथरनेट अडॅप्टर लावायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनला ते चालतं हे आपल्याकडे फार लोकांना माहीतच नाही. अडॅप्टर असं घ्या ज्यात चार्जिंगचं पोर्ट पण आहे, म्हणजे फोन दिवसभर चार्जिंगवर आणि नेटवर्कवर, दोन्ही एकाच टोकातून. फोन एअरप्लेन मोडवर, वायफाय बंद, कुणाचा कॉल मध्ये येत नाही. ड्रॉवरमध्ये पडलेले जुने फोन इथे कामाला येतात, स्क्रीनला तडा असला तरी चालतो, फक्त हेडफोनचा गोल जॅक असलेला फोन मिळाला तर सोनं. फिरता कॅमेरा, गिंबलवाला, त्याला तेवढं वायफाय द्यायचं, म्हणजे एक-दोनच फोन हवेवर राहतात आणि त्यांनाही मग भरपूर जागा मिळते.

अँड्रॉइडवर मम्ला नावाचं अॅप आहे, एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अॅपच्या स्टोअरवर मिळतं. त्यात सर्व्हरचा आयपी, पोर्ट आणि नाव टाकलं की झालं. नाव माणसाचं नको, कामाचं द्या: कॅमेरा १, कॅमेरा २, जिब, साउंड, ग्राफिक्स. माणसं बदलतात, जागा बदलत नाहीत. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने फोन अॅपला गुपचूप झोपवतो आणि कॅमेरामनला वाटतं डायरेक्टर शांत बसलाय. आयफोनचं अधिकृत अॅप आहे पण त्याचं काम रेंगाळलेलं आहे, त्यामुळे टीममध्ये ज्याच्याकडे आयफोन आहे त्याच्याही हातात आम्ही अँड्रॉइडच देतो.

हेडसेट ब्लूटूथ नको. त्यात एक तर उशीर वाढतो, वर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा खाली येतो, आणि गर्दीत ब्लूटूथही त्याच २.४ वर. साधा वायरचा, एका कानाचा, तोंडापाशी दांडीवर माइक असलेला हेडसेट घ्या, कॉल सेंटरवाले वापरतात तसला. एका कानाचा का, तर बेल्टपॅकमध्ये स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात थोडा परत येतो, साइडटोन म्हणतात त्याला, आणि मम्बलमध्ये तो नसतो. दोन्ही कान बंद करणारा हेडसेट लावला की माणसाला आपलं बोलणं ऐकू येत नाही आणि तो नकळत ओरडायला लागतो. नाट्यगृहात कॅमेरा प्रेक्षकांच्या मधोमध असतो, तिथे असं ओरडून कसं चालेल? एक कान उघडा ठेवला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

माइक कधी उघडायचा हे पुढचं. तीन पर्याय: कायम चालू, आवाज ओळखून चालू, आणि बटण दाबून. आवाज ओळखून चालू होणारा पर्याय बंद स्टुडिओत, एसी हॉलमध्ये छान चालतो. ढोलपथक पाच फुटांवर असलं की मात्र तो पूर्ण निरुपयोगी, कारण प्रत्येक टोल्याला माइक उघडतो आणि सगळ्या टीमच्या कानात ढोल. मम्बलच्या डेस्कटॉप क्लायंटमध्ये नॉइज सप्रेशन आहे, पंख्याचा, जनरेटरचा आवाज ते बऱ्यापैकी खातं, ढोल-ताशा नाही खात. बाहेरच्या कामाला बटणच. मम्लात स्क्रीनवर मोठं बटण येतं. अडचण अशी की कॅमेरामनचा एक हात पॅन हँडलवर आणि दुसरा फोकसवर, तो स्क्रीनवर बोट कधी ठेवणार? म्हणून फोन पॅन हँडलजवळच क्लॅम्पने लावा, अंगठ्याच्या टप्प्यात. आणि जुने टीव्हीवाले जे करायचे ते आपल्या पोरांना शिकवा: हो म्हणायचं असेल तर कॅमेरा ऑन-एअर नसताना हलकेच वर-खाली, नाही म्हणायचं असेल तर डावी-उजवीकडे. डायरेक्टर मल्टिव्ह्यूवर (सगळे कॅमेरे एकत्र दाखवणारी स्क्रीन) बघतोच आहे. कॅमेरामनने फक्त ऐकायचं आणि गरज पडली तरच बोलायचं, हे एकदा बसलं की लाइनवर कमालीची शांतता येते.

बटणाच्या बाबतीत अजून एक, बटण दाबल्या दाबल्या बोललं की पहिलं अक्षर कापलं जातं. "दोन" चा दो गेला आणि "तीन" चा ती गेला की ऐकणाऱ्याला दोन्हीकडे फक्त "न" ऐकू येतो आणि दोघेही कॅमेरे हलतात. दाबा, अर्धा श्वास थांबा, मग बोला. आम्ही कॅमेऱ्याचे नंबर वन, टू, थ्री, फोर असेच बोलतो, कानाला वेगळे लागतात. शेवटचं अक्षर कापलं जाऊ नये म्हणून डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये बटण सोडल्यावर माइक थोडा वेळ उघडा ठेवायची सोय आहे, तिथे दोनशे मिलिसेकंद ठेवा.

आता माझ्या मते ज्यासाठी मम्बल घ्यावं ती गोष्ट: कोण कुणाला ऐकणार. साध्या पार्टीलाइनवर सगळे सगळ्यांना ऐकतात, वॉकीवरही तेच. मग साउंडवाला गायकाच्या मॉनिटरवरून स्टेजवरच्या पोराशी भांडतोय आणि ते चारही कॅमेरामन ऐकतायत, असं होतं. मम्बलमध्ये चॅनल पाडता येतात. आमच्याकडे पाच असतात: कंट्रोल, कॅमेरा, साउंड, ग्राफिक्स, अँकर. डायरेक्टर कंट्रोलमध्ये बसतो आणि १.४ आवृत्तीपासून आलेल्या लिसन टू चॅनल सोयीने कॅमेरा, साउंड, ग्राफिक्स तिन्ही ऐकतो, स्वतः तिथे न जाता. बोलायला त्याच्या कीपॅडवर बटणं: एक दाबलं की फक्त कॅमेऱ्यांना, दुसरं दाबलं की साउंडला, तिसरं दाबलं की अँकरच्या कानात, शून्य दाबलं की सगळ्यांना. सेटिंगच्या शॉर्टकट्समध्ये व्हिस्पर/शाउट म्हणून हे लावायचं. पाच-सातशे रुपयांच्या आसपास मिळणारा यूएसबी नंबर पॅड वेगळा घ्या आणि त्यावर स्टिकर चिकटवा, लॅपटॉपच्या कीबोर्डवर लावलंत तर स्विचिंगच्या शॉर्टकटशी टक्कर होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यातच लोक अडकतात. दुसऱ्या चॅनलला शाउट करायला त्या चॅनलमधली व्हिस्परची परवानगी लागते, आणि ती सुरुवातीला सगळ्यांनाच दिलेली असते. म्हणजे तुम्ही हात लावला नाहीत तर टीममधला कुणीही अँकरच्या कानात बोलू शकतो, अँकर ऑन-एअर असताना. अँकर चॅनलच्या एसीएलमध्ये (परवानग्यांची यादी) जा, सगळ्यांसाठी व्हिस्पर आणि एंटर नाकारा, मग डायरेक्टरच्या ग्रुपला तेवढे द्या, आणि त्या चॅनलमध्ये जे बसणार त्यांना फक्त एंटर. ग्रुपमध्ये घालायला माणूस सर्व्हरवर रजिस्टर हवा आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटला बांधलेलं असतं, पासवर्डला नाही. फोन फॉरमॅट केला की सर्टिफिकेट गेलं, ओळख गेली, परवानगी गेली. म्हणून सगळ्या क्लायंटची सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करून एका पेनड्राइव्हवर ठेवा.

अँकरला कार्यक्रमाचा आवाज आणि मध्येच डायरेक्टरचा आवाज असा कान हवा असतो, आयएफबी. तो मम्बलमध्ये होतो. ऑडिओ मिक्सरमधून एक ऑक्स (मिक्सरमधून निघणारा वेगळा आउटपुट) काढा, ज्यात अँकरचा स्वतःचा माइक नाही, हे फार महत्त्वाचं, स्वतःचाच आवाज उशिराने कानात आला की भलेभले अँकर अडखळतात. तो ऑक्स यूएसबी साउंड कार्डने एका जुन्या लॅपटॉपमध्ये, तिथे मम्बलचा क्लायंट कायम चालू मोडवर, नॉइज सप्रेशन बंद, इको कॅन्सल बंद, मॅक्स अॅम्प्लिफिकेशन एकवर, नाहीतर शांत प्रसंगात आवाज आपोआप चढतो आणि टाळ्यांना दबतो. हा लॅपटॉप अँकर चॅनलमध्ये बसवायचा. डायरेक्टरला प्रायॉरिटी स्पीकर करा. डायरेक्टर बोलला की कार्यक्रम खाली जातो, थांबला की वर येतो. हे पहिल्यांदा नीट चालताना बघितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण इतका नीट आयएफबी याआधी फक्त मोठ्या चॅनलच्या व्हॅनमध्ये बघितला होता.

डेस्कटॉप क्लायंट बसवल्यावर लगेच बंद करायच्या दोन गोष्टी. एक, दुसरं कुणी बोललं की बाकी अॅप्लिकेशनचा आवाज कमी करायचा पर्याय, गेमसाठी ठीक आहे, पण त्याच पीसीवर ओबीएस किंवा व्हीमिक्स या लाइव्हच्या सॉफ्टवेअरचं मॉनिटरिंग असेल तर दर वाक्याला प्रोग्रामचा आवाज खाली जाईल आणि तुम्ही साउंडवाल्याला दोष देत बसाल. दुसरी, कोण आलं कोण गेलं हे बोलून सांगणारा टेक्स्ट टू स्पीच. मॅकवर शॉर्टकट चालायला अॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यावी लागते, लिनक्सवर वेलँड डिस्प्ले असेल तर ग्लोबल शॉर्टकट सहसा चालत नाहीत, जुन्या एक्स११ मध्ये लॉगिन करा.

लांबचा कॉमेंटेटर किंवा घरून बसलेला ग्राफिक्सवाला जोडायचा असेल तर इंटरनेट आलंच. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच घरच्या कनेक्शनवर सीजीनॅट असतं, बाहेरून थेट तुमच्या पायपर्यंत कुणी येऊ शकत नाही, त्यामुळे एक तर छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यावर मम्बल, नाहीतर वायरगार्डचं व्हीपीएन. यूडीपी कुठे अडला तर मम्बल मुकाट टीसीपीतून आवाज पाठवायला लागतं आणि मग उशीर वाढतो, क्लायंटच्या सर्व्हर इन्फर्मेशनमध्ये दोन्हीचे पिंग दिसतात, तिथे आधी बघून घ्या.

कमी काय पडतं तेही सांगतो. कॉल लाइट नाही, म्हणजे कॅमेरामनने हेडसेट गळ्यात घातला असेल तर त्याला बोलवायला काही उपाय नाही. टॅली (कॅमेरा ऑन-एअर असल्याचा दिवा) नाही, ती वेगळी करावी लागते. अँड्रॉइडवर उशीर जाणवतो, तारेवरच्या पीसीइतका झटपट नाही. बोलायला अडचण येत नाही, पण गाण्याच्या समेवर "टेक" म्हणून त्या क्षणी जिब हलवायची असेल तर डायरेक्टरला अंमळ आधी बोलायची सवय लावावी लागते. आणि सगळं एका सर्व्हरवर. तो पडला की सगळे मुके. म्हणून दुसरा पाय तयार ठेवा, तोच आयपी, पहिल्याची एसक्यूलाइट फाइल व्हार-लिब-मम्बल-सर्व्हर फोल्डरमधून कॉपी करून टाकलेली, बंद अवस्थेत. केबल काढून दुसऱ्यात घातली की चॅनल, एसीएल, ओळखी सगळं तसंच्या तसं परत येतं आणि क्लायंट स्वतःहून जोडले जातात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ही अदलाबदल एकदा प्रत्यक्ष करून बघा, टीमसमोर, म्हणजे तेव्हा कुणी घाबरत नाही.

कुणी घ्यावं? तीन ते आठ-दहा माणसांची टीम, ज्यात एक तरी पोरगा किंवा पोरगी नेटवर्क समजणारी आहे, आणि कामं कीर्तन महोत्सव, कबड्डी, लग्नं, एकांकिका स्पर्धा, कॉलेजचे इव्हेंट अशी आहेत, त्यांनी डोळे झाकून घ्यावं. टीममध्ये असं कुणीच नसेल तर ग्रीन-गो सारखे पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच मिळणाऱ्या विजेवर) चालणारे तयार नेटवर्क इंटरकॉम बघा, त्यांत मध्यवर्ती सर्व्हर लागत नाही, बेल्टपॅक खरे बेल्टपॅक असतात, पैसे मात्र मोजावे लागतात. आणि जिथे डायरेक्टरच्या एका शब्दावर स्टेजवर आग पेटते, वजन वर उचललं जातं किंवा माणूस हार्नेसवर लटकतो, तिथे फोन आणि मम्बल नको, कितीही आवडतं असलं तरी. त्या कामाला भाड्याने का होईना, तारेचा बेल्टपॅकच आणा.